मदत हवी आहे: लिनक्सवर चालणारा डायनॅमिक कास्ट अँड्रॉइडवर नल का देतो?

अर्धविराम

नमस्कार मंडळी,

तीन दिवस एकाच ओळीवर अडकलोय, म्हणून धागा काढतोय. कोडमधली नावं देवनागरीत लिहितोय, तेवढं चालवून घ्या.

सुतारकाम करणाऱ्यांसाठी मापं घेऊन आराखडा काढायचं ॲप आहे. आकृत्यांचा सगळा भाग सी प्लस प्लसमध्ये, दोन लायब्रऱ्या: 'कोअर' आणि 'छपाई'. शेप हा मूळ क्लास, त्यावरून रेषा, आर्क (म्हणजे कमान) वगैरे. सगळे क्लास नुसते हेडरमध्येच आहेत, छोटे आहेत म्हणून. कोअर आकृती तयार करतं आणि शेपचा पॉइंटर छपाईला देतं. छपाई डायनॅमिक कास्टने विचारते, हा आर्क आहे का? असेल तर त्याचा पॉइंटर मिळतो, नसेल तर नल, म्हणजे रिकामा पॉइंटर.

आर्क *क = डायनॅमिक_कास्ट<आर्क *>(शेप);

लॅपटॉपवर (उबुंटू, जीसीसी) हे दोन वर्षं बिनतक्रार चाललंय. तोच कोड एनडीकेने (अँड्रॉइडसाठी सी प्लस प्लस बांधायचा संच) बांधून फोनवर टाकला की क कायम नल. ॲप कोसळत नाही, कागदावरून कमानी तेवढ्या गायब होतात. एका दरवाजाच्या चित्रात नुसते दोन उभे खांब उरले, तेव्हा कुठे लक्षात आलं.

खरं वेड लावलंय ते पुढच्या गोष्टीने. टाइपआयडी वस्तूचा खरा प्रकार सांगतो, म्हणून कास्टच्या आधी टाइपआयडी(*शेप).नेम() छापून पाहिलं: '३आर्क'. छपाईतच टाइपआयडी(आर्क).नेम() छापलं: '३आर्क'. (तो तीन म्हणजे रोमन नावातली अक्षरं, हे मला परवाच कळलं.) मग दोन्ही टाइपआयडी == लावून तपासले, तर उत्तर फॉल्स! नाव एक, गाव एक, तरी माणसं दोन?

स्टॅटिक_कास्ट लावला की कमानी येतात. पण तो काही तपासतच नाही, उद्या रेषेलाही आर्क समजून त्रिज्या वाचत बसेल. म्हणून तो नको.

टंकनिका

आरटीटीआय (प्रोग्राम चालू असताना प्रकार ओळखायची सोय) बंद तर नाही ना? एनडीके-बिल्डमध्ये ते मुळात बंद असतं, आपण चालू करावं लागतं.

अर्धविराम

आम्ही बांधायला सीमेक वापरतो, तिथे चालू असतं. आणि बंद असतं तर एनडीकेच्या कंपायलरने, क्लँगने, ती ओळ कंपाइलच होऊ दिली नसती.

टंकनिका

हो की, खरंय. मग एसटीएल (सी प्लस प्लसची प्रमाणित लायब्ररी, एनडीकेत लिबसी प्लस प्लस) बघा. सीमेकमध्ये डीफॉल्ट स्टॅटिक असतं, म्हणजे दोन एसओ फायलींत (बांधून झालेल्या लायब्रऱ्यांत) लिबसी प्लस प्लसच्या दोन प्रती. शेअर्ड करून बघा.

अर्धविराम

केलं. ढिम्म फरक नाही. पण दोन प्रती नकोतच, त्यामुळे बदल तसाच ठेवलाय.

खवचटखान

मुळात कास्ट लागतोच कशाला म्हणे? शेपमध्ये व्हर्च्युअल छापा() (प्रत्येक क्लास आपापली लिहील अशी) ठेवा आणि मोकळे व्हा. ऑब्जेक्ट ओरिएंटेडच्या पहिल्या तासाला हेच शिकवतात.

अर्धविराम

पहिल्या तासाला मीही होतो साहेब. पण छापा() शेपमध्ये टाकला की पीडीएफचं सगळं लटांबर कोअरच्या गळ्यात येतं. व्हिजिटर (छपाईचं काम बाहेरच्या क्लासकडे सोपवणं) करता येईल, कदाचित करूही. पण हे का होतंय ते कळल्याशिवाय झोप लागायची नाही.

जुनाजाणता

खानसाहेबांचा मुद्दा रास्त आहे, पण दुखणं वेगळं आहे.

एक काम करा. दोन्ही एसओ फायलींवर एलएलव्हीएम-एनएम (आतली नावं दाखवणारं साधन) चालवा आणि 'टाइपइन्फो फॉर आर्क' शोधा. माझी पैज आहे, दोन्हीकडे त्याच्या आधी व्ही दिसेल. व्ही म्हणजे वीक, एकाहून जास्त प्रती चालतात अशी नोंद. म्हणजे आर्कची ओळख सांगणारी नोंद दोन्ही लायब्रऱ्यांनी आपापली काढून ठेवलीय. एकाच जमिनीचे दोन सातबारे.

कंपायलर ती नोंद कुठे ठेवायची ते कसं ठरवतो? क्लासमधलं पहिलं असं व्हर्च्युअल फंक्शन शोधतो जे प्युअर (मुलांनीच लिहायचं) नाही आणि इनलाइनही (देह हेडरमध्येच असलेलं) नाही. त्याला की फंक्शन म्हणतात. ज्या सीपीपी फायलीत त्याचा देह असेल, तिथेच व्हीटेबल (व्हर्च्युअल फंक्शनांची यादी) आणि टाइपइन्फो (ती ओळखीची नोंद) ठेवतो. तुमचे क्लास अख्खे हेडरमध्ये, म्हणजे की फंक्शनच नाही. मग जिथे जिथे लागेल तिथे एक एक प्रत.

आता प्रती दोन असल्या तरी लॅपटॉपवर का चालतं? जीसीसीची लायब्ररी टाइपची तुलना करताना पत्ते जुळले नाहीत तर नावाची अक्षरं ताडून बघते. '३आर्क' बरोबर '३आर्क', झालं काम. एनडीकेतली लिबसी प्लस प्लस फक्त पत्ता बघते. आणि सिस्टिम.लोडलायब्ररीने आणलेल्या लायब्रऱ्या आरटीएलडी_लोकल असतात, म्हणजे आपली नावं इतरांना दाखवत नाहीत, त्यामुळे दोन वीक नोंदी एक होत नाहीत. छपाईला आधी स्वतःचीच सापडते.

हे दुखणं जुनं आहे हो. एमएफसी ही मायक्रोसॉफ्टची विंडोज ॲपसाठीची लायब्ररी १९९२ ची, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरात आरटीटीआय नव्हतंच (प्रमाणित सी प्लस प्लस आलं १९९८ ला). म्हणून त्यांनी सीरनटाइमक्लास नावाची स्वतःची नोंद केली, डिक्लेअर_डायनॅमिक आणि इम्प्लिमेंट_डायनॅमिक ही मॅक्रोंची जोडी. इझकाइंडऑफ काय करतं? मूळ क्लासांची साखळी चढत जातं आणि पॉइंटर जुळतो का बघतं. क्यूटी या दुसऱ्या लायब्ररीचं क्यूऑब्जेक्ट_कास्टही आतून तेच. फरक इतकाच की इम्प्लिमेंट_डायनॅमिक तुम्ही एकाच सीपीपीत लिहिता आणि क्यूटीची नोंद मॉक या तिच्या साधनाने तयार केलेल्या एकाच फायलीत बसते. नोंदीला घर एकच. तुमच्या आर्कला घर नाही, इतकंच झालंय.

उपाय एका ओळीचा: व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर (वस्तू मोडताना चालणारं फंक्शन) हेडरमध्ये नुसता जाहीर करा आणि देह कोअरच्या सीपीपीत न्या. तिथे = डिफॉल्ट लिहिलंत तरी चालेल. व्हिजिबिलिटी हिडन (लायब्ररीतली नावं बाहेर न दाखवणं) लावली असेल तर क्लास एक्स्पोर्ट करायला विसरू नका.

अर्धविराम

काका, पैज जिंकलात. दोन्हीकडे व्ही.

शेपचा डिस्ट्रक्टर सीपीपीत नेला, पुन्हा बांधलं… आणि पुन्हा नल. :(

जुनाजाणता

शेपचा नेलात, आर्कचा? प्रत्येक क्लासची नोंद वेगळी. आई-वडिलांना घर मिळालं म्हणून मुलाचं नाव उताऱ्यावर चढत नाही.

अर्धविराम

चाललं!!!

आर्क, रेषा, वर्तुळ सगळ्यांचे डिस्ट्रक्टर हलवले. आता एनएममध्ये आर्कची नोंद कोअरमध्ये आहे आणि छपाईत नुसता यू, म्हणजे 'माझ्याकडे नाही, बाहेरून घे'. कमान जागेवर आली. सुताराला फोटो पाठवला, त्याचं उत्तर: "बिजागरीची बाजू उलटी आहे." तो वेगळा बग.

एक उरलंच. बहुरेषा<टी> हा टेम्प्लेट (टी हा प्रकार नंतर भरायचा साचा) आहे, त्याचा डिस्ट्रक्टर सीपीपीत कसा नेऊ?

टंकनिका

टेम्प्लेटला की फंक्शन नसतंच. हेडरमध्ये एक्स्टर्न टेम्प्लेट ('इथे प्रत काढू नको') आणि कोअरच्या सीपीपीत एक्स्प्लिसिट इन्स्टॅन्शिएशन ('इथे प्रत काढ'), असं करा. टी किती प्रकारचे आहेत?

अर्धविराम

दोनच, फ्लोट आणि डबल.

खवचटखान

दोनासाठी टेम्प्लेट! धन्य.

जुनाजाणता

नाहीतर एलएलव्हीएमवाले (क्लँग ज्या प्रकल्पातला, ते) करतात तसं करा. ते आरटीटीआय वापरतच नाहीत. मूळ क्लासमध्ये प्रकाराचा एनम (नावं दिलेल्या आकड्यांची यादी) असतो, प्रत्येक क्लासमध्ये क्लासऑफ नावाचं छोटं फंक्शन, आणि डायन_कास्ट ते विचारून उत्तर देतो. आकड्याला आकडा जुळवायचा, पत्त्यांची भानगडच नाही. मात्र नवा क्लास आला की एनममध्ये भर घालायची आठवण तुम्हीच ठेवायची.

अर्धविराम

बहुरेषेला एनम दिला. बाकीच्यांना डायनॅमिक_कास्टच ठेवतोय. खानसाहेब, फ्लोटवाली बहुरेषा कुणी वापरतच नव्हतं असं आत्ता ग्रेप केल्यावर (कोडमध्ये शोधल्यावर) कळलं, तेव्हा सोमवारी टेम्प्लेटही जाणार. धागा सुटला असं समजा.