बेसमेंटमध्ये रेडॉन ६.८: पुन्हा चाचणी की थेट पंखा?

मक्याचंशेत: आयोवातलं छोटं गाव, जुनं घर. बेसमेंटमध्ये संप पिटशेजारी (पाणी गोळा करून पंपानं बाहेर काढायचा खड्डा), खाली जमिनीवर, रेडॉन, म्हणजे जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, मोजायचं चारकोलचं किट (कोळसा भरलेली डबी) ४८ तास ठेवलं. मधल्या रात्री वादळ झालं. लॅबचा आकडा ६.८ पिकोक्युरी (किरणोत्साराचं माप) प्रति लिटर हवा. शेजाऱ्यांकडे २.१. हा आकडा धरायचा का? आणि फरशीच्या नुसत्या भेगा बुजवून भागेल, की वायू बाहेर ओढणारा पंखाच लावायचा?

अल्फाट्रॅक: जागाच चुकली. उघडा संप पिट म्हणजे जमिनीतल्या वायूला घरात यायचा राजमार्ग. किट जमिनीपासून निदान २० इंच वर, बाहेरच्या दारं-खिडक्यांपासून ३ फूट आणि बाहेरच्या भिंतीपासून १ फूट दूर हवं. लाँड्री आणि बाथरूम नको, दमट हवेत चारकोल पाणी शोषतो आणि रेडॉन कमी धरतो. आधी १२ तास आणि चाचणीभर खिडक्या बंद. ये-जा करण्यापुरतं दार उघडलं तर चालतं. वादळाचे दिवस टाळा. बाहेरचा दाब उतरला की जमिनीतला वायू वर ओढला जातो.

बरेच जण चुकतात ते त्यानंतर. रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवस. डबी चार दिवस टेबलावर पडून राहिली तर निम्मा माल तिथेच संपला. झाकण लावून टेप मारा, बंद केल्याची वेळ लिहा, त्याच दिवशी पोस्टात टाका. शनिवारी संपेल असं किट लावूच नका.

६.८ बाजूला ठेवा आणि दोन किटं शेजारी-शेजारी, ४ इंच अंतरावर लावा. सरासरी ४ किंवा वर आली तर ईपीएच्या (अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था) हिशेबानं दुरुस्ती. घाई नसेल तर ९० दिवसांहून जास्त चालणारं अल्फा ट्रॅक किट (किरणोत्सारी कणांचे ओरखडे प्लास्टिकवर टिपणारं) लावा, थंडीचे महिने त्यात येऊ द्या.

खडीआणिपाइप: शेजाऱ्यांचा आकडा विसरा. आयोवाच्या ९९ही काउंटी (जिल्हे) ईपीएच्या झोन १ मध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त रेडॉनच्या पट्ट्यात, आहेत, तरी भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांतही फरक पडतो. फरशीखाली खडी आहे की चिकणमाती, यावर बरंच ठरतं.

नुसत्या भेगा बुजवून भागत नाही, वायू दुसरी फट शोधतो. फरशीला भोक पाडून खालची बादलीभर खडी-माती काढतात, तिथून पीव्हीसी पाइप छपराच्या वर नेतात, आणि पाइपवरचा पंखा फरशीखालचा वायू ओढून बाहेर टाकतो. पंखा अ‍ॅटिकमध्ये (छपराखालचा माळा) किंवा घराबाहेर. बेसमेंटमध्ये कधीच नाही: पंख्यापुढचा पाइप दाबाखाली असतो, सांधा गळला तर सगळा रेडॉन घरात. आडव्या पाइपला फरशीकडे उतार द्या, नाहीतर थंडीत आतल्या वाफेचं पाणी खोलगट जागी साचून ओढ बंद पडते. संपला गॅस्केटचं हवाबंद झाकण. पाइपवरच्या यू-नळीत (ओढ दाखवणारी, यू आकाराची नळी) दोन्ही बाजूंचा द्रव एका पातळीला दिसला की समजा ओढ नाही.

आयोवात हे काम करणाऱ्याकडे राज्याचा परवाना लागतो, तो आधी बघा.

मक्याचंशेत: संप झाकला तर फरशीवर सांडलेलं पाणी कुठे जाणार?

खडीआणिपाइप: झाकणातच एकमार्गी झडपेचं ड्रेन बसवून मिळतं: पाणी खाली जातं, हवा वर येत नाही. वेगळं फ्लोअर ड्रेन असेल तर त्याच्या ट्रॅपमध्ये (पाणी साठवून वायू अडवणारं वाकण) पाणी आहे ना, तेही बघा. कोरडा ट्रॅप म्हणजे दुसरं भोक.

अल्फाट्रॅक: पंखा सुरू झाल्यावर २४ तास जाऊ द्या, मग ३० दिवसांच्या आत चाचणी. पुढे दर दोन वर्षांनी.