कोल्ह्यासाठी रायफल: नवी की जुनी?

लडलोहून, ९ सप्टेंबर

सर्वांना नमस्कार,

गणपतीच्या जेवणात हा विषय निघाला होता, पण पंगतीच्या गडबडीत अर्धाच राहिला. म्हणून इथे विचारते.

इंग्लंडमध्ये लडलोजवळ आमची ११ एकर जमीन आहे, सगळी चढउताराची. २६ मेंढ्या आणि चाळीसेक कोंबड्या आहेत. या वसंतात ७ कोकरं गेली. कोंबड्यांच्या खुराड्याचं दार एकदाच उघडं राहिलं, तर सकाळी १४ कोंबड्या मरून पडल्या होत्या. त्यातली नेली होती एकच. माझ्या मुलीने त्या पिल्लांपासून वाढवल्या होत्या. ती सकाळ मला विसरता येत नाही.

शेजारचे शेतकरी म्हणतात, रायफल घ्या. ह्यांनी जाहिराती पाहिल्या. जुनी .२२३ (हा कॅलिबरचा, म्हणजे नळीच्या मापाचा आकडा) दुर्बिणीसकट मिळते तेवढ्यात नव्याची नुसती रायफल येते. आम्ही दोघांनीही एनसीसीतली .२२ सोडून कशालाच हात लावलेला नाही. जुनी घ्यावी की नवी? आणि जुनी घ्यायची तर बघायचं काय?

— लडलोची सून

कार्मार्थनहून, ९ सप्टेंबर

ताई, मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकले आणि आता इथे मेंढ्यांचंच काम करते. रायफलीतलं मला कळत नाही, पण त्याआधीचा एक प्रश्न विचारते: ती सातही कोकरं कोल्ह्यानेच मारली याची खात्री आहे का?

थंडी, भूक आणि अडलेलं बाळंतपण यांनी कितीतरी कोकरं जातात. कोल्हा नंतर येऊन मेलेलं उचलतो आणि नाव त्याच्यावर जातं. पुढच्या वेळी मेलेलं कोकरू सापडलं तर मानेवरची कातडी सोडवून बघा. दात लागलेल्या जागी कातडीखाली रक्त साकळलेलं असेल तर चावा घेतला तेव्हा ते जिवंत होतं. नसेल तर आधीच गेलं होतं. खुरांवर जन्मतःच जो मऊ पिवळसर पडदा असतो तो तसाच असेल तर ते बहुधा उभंच राहिलं नाही. फुप्फुसाचा तुकडा पाण्यात बुडाला तर त्याने श्वासही घेतलेला नव्हता.

त्या सातांपैकी चार जरी दुधाअभावी गेली असतील तर रायफल घेऊन ती पुढच्या वर्षी वाचणार नाहीत. मेंढ्यांचं शेवटच्या दीड महिन्यातलं खाणं आणि पहिल्या काही तासांतला चीक, आधी हे बघा.

— कार्मार्थनची डॉक्टर

लेस्टरहून, १० सप्टेंबर

मंडळाच्या लिस्टवर बंदुकीची चौकशी वाचून मला वाईट वाटलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या माहेरी वारी होती, मी मुंगीलाही बाजूला करते. तुझं नुकसान मी कमी लेखत नाही, बाळ. पण विजेची जाळी, संध्याकाळी आपोआप मिटणारं खुराड्याचं दार, हे सगळं करून झालं का? आणि मादी मारली तर बिळातल्या पिल्लांचं काय?

— लेस्टरची मावशी

हेरफर्डहून, १० सप्टेंबर

सूनबाई, मावशी, डॉक्टर,

मावशींचा प्रश्न आधी घेतो, कारण तो योग्य आहे. इथे कोल्ह्यांचा माज जानेवारीच्या सुमारास आणि पिल्लं मार्च-एप्रिलमध्ये. पिल्लं आईवर असताना मी मादीवर गोळी झाडत नाही. माझं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. विजेची जाळी आणि आपोआप मिटणारं दार पहिल्या दिवसापासून हवंच, ते असेल तर कोंबड्यांसाठी रायफल लागतही नाही. मोकळ्या डोंगरावर विणाऱ्या मेंढ्यांना मात्र जाळी पुरत नाही. विष घालणं इथे गुन्हा आहे, आणि वेल्समध्ये २०२३ पासून फासेही बंद झाले. राहिलं ते नेमकं मारणं. ते करायचंच तर जनावराला कळायच्या आत झालं पाहिजे, आणि रायफल निवडताना मी सगळ्यात आधी हेच बघतो.

मी कुडाळकडचा. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, भातात रानडुकरं शिरायची म्हणून. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा. आजोबांनी मला बार भरायला शिकवलं नाही. आधी दोन वर्षं शेताच्या कडेने फिरवलं, कुठून पायवाट जाते, कुणाचं घर कुठे आहे ते दाखवलं. तोच क्रम मी तुला सांगणार आहे. (जाता जाता: आपण ज्याला कोल्हा म्हणतो तो जॅकल. इथला तांबडा प्राणी आपल्या खोकडाचा भाऊ. पण इथे सगळे कोल्हाच म्हणतात, मीही तेच म्हणतो.)

इथे आधी रायफल पसंत करून मग परवाना काढायचा असं चालत नाही. फायरआर्म सर्टिफिकेटच्या अर्जातच कुठलं कॅलिबर, कशासाठी आणि कुठल्या जमिनीवर ते लिहावं लागतं. दोन ओळखीची माणसं हमीला लागतात, तुझ्या जीपीकडून, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडून, तब्येतीची माहिती जाते, पोलिसांचा माणूस घरी येऊन कपाट बघतो. मंजुरी मिळाली की त्या कॅलिबरची एक जागा मिळते, तिला आम्ही स्लॉट म्हणतो. स्लॉट नसताना जाहिरातीतल्या रायफलीचा विसार देऊन बसू नकोस. लोखंडी कपाट बीएस ७५५८ या प्रमाणाचं घे, भिंतीत बोल्ट मारून. किल्ली कुठे असते ते ज्याच्या नावावर सर्टिफिकेट आहे त्यालाच ठाऊक हवं. नवऱ्याच्या नावावर असेल तर तुलाही नाही.

आता कॅलिबर. एनसीसीत चालवलीस ती .२२ सशांसाठी, तीही साठ-सत्तर यार्डांपर्यंत. कोल्ह्याला ती तोकडी पडते, जखमी होऊन झुडपात जातो आणि दोन दिवस तडफडतो. शिवाय तिची संथ गोळी दगडावर किंवा ओल्या मातीवर आपटून उसळते. .१७ एचएमआरची १७ ग्रेनची (साधारण एक ग्रॅमची) गोळी सशाला दीडशे यार्डांपर्यंत छान, पण वारा तिला ढकलतो, आणि कोल्हा अगदी जवळ असेल तरच. तुझं काम .२२३ चं. ५० ते ५५ ग्रेनची गोळी, सेकंदाला तीन हजार फुटांच्या वर वेग, दोनशे यार्डांपर्यंत हात स्थिर असेल तर एका गोळीत काम. .२२-२५० आणखी वेगवान आहे, पण तिची नळी लवकर झिजते. जुनी .२२-२५० घेताना म्हणूनच दहादा विचार करायचा.

एक अडचण तुझ्याच भागातली. मॉर्टिमर फॉरेस्टची लांब केसांची फॅलो हरणं तुझ्या कुंपणापर्यंत येत असतील. इंग्लंडमध्ये फॅलोसाठी कायद्याने .२४० पेक्षा लहान कॅलिबर चालत नाही. पुढे हरणंही बघायची असतील तर .२४३ मागावी, तिने कोल्हाही होतो. पण धक्का जास्त, आवाज जास्त, काडतूस महाग. काडतूस महाग असलं की सराव कमी होतो, म्हणून नवशिक्याला मी .२२३ च सांगतो.

नवी की जुनी? माझं मत स्पष्ट आहे: रायफल जुनी, दुर्बीण नवी. रायफल हे साधं यंत्र आहे. रिमफायरची, म्हणजे .२२ सारख्या छोट्या काडतुसाची, नळी तर माणसाच्या आयुष्यात झिजत नाही. .२२३ ची काही हजार गोळ्या सहज काढते, आणि शेतावरच्या बहुतेक रायफली वर्षाला शंभरही झाडत नाहीत. दुर्बीण मात्र अंधारून येताना स्वस्त आणि चांगली यांतला फरक दाखवते, आणि कोल्हा येतो तो नेमका त्याच वेळी. जाहिरातीत रायफलीबरोबर आलेली दुर्बीण फुकट समजून घे आणि विकून टाक.

बघायचं काय:

नळीचं तोंड. मॉडरेटर (आवाज कमी करणारं नळकांडं) लावूनच बघायला दिली तर काढायला सांग. रात्री ओल्यात वापरून मॉडरेटर तसाच ठेवला की आत दमट राहतं आणि तोंडाशी गंजाचं कडं धरतं. तोंडाची कड एका बाजूने खाल्लेली असली की गोळी बाहेर पडताना तिरकी होते, मग रायफल कितीही नामांकित असो.

नळीचा घसा, म्हणजे काडतूस बसतं त्याच्या लगेच पुढचा भाग. चांगल्या डीलरकडे आत घालायचा छोटा कॅमेरा असतो. सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा दिसल्या तर ती रायफल सोड.

दस्त्याखाली. मालकाला विचारून दस्ता सोडव. वरून चकचकीत असलेली नळी दस्त्यात बसते त्या ओळीवर गंजलेली मी बघितली आहे. स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या असतील तर कुणीतरी घरी उघडझाप केली आहे.

चाप. रिकामी आहे याची स्वतः खात्री कर, सुरक्षित दिशेला धर, बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा दांडा) जोरात लाव, सेफ्टी मागेपुढे कर, दस्त्याला तळहाताने थापटी मार. काहीही आपोआप सुटता कामा नये.

पेचाचा वेढा, म्हणजे गोळीला फिरकी देणारी नळीतली चर किती इंचांत एक फेरा घेते ते. जुन्या .२२३ मध्ये १२ इंचांत एक वेढा असायचा. ५५ ग्रेनपर्यंत तो उत्तम. शिसं नसलेल्या गोळ्या त्याच वजनाला लांब असतात, त्या १२ च्या वेढ्यात नीट स्थिर होत नाहीत. ८ किंवा ९ चा मिळाला तर पुढची चिंता नाही.

प्रूफचे शिक्के, म्हणजे नळी दाबाला टिकते याची चाचणी झाल्याची खूण. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ पासून हे काम करतं, आणि प्रूफ नसलेलं हत्यार विकणं इथे गुन्हा आहे. फिनलंड किंवा चेक बनावटीच्या रायफलीवर तिथलेच शिक्के चालतात. नळीला नंतर मॉडरेटरसाठी आटे पाडले असतील तर पुन्हा प्रूफ केल्याचा शिक्का शोध.

हे सगळं व्हायच्या आत एक कर. तू लेखी परवानगी दिलीस तर मी माझी रायफल घेऊन तुझ्या जमिनीवर येतो. माझ्या देखत, माझ्या सर्टिफिकेटवर तुला ती चालवता येईल, कायद्यात तशी सोय आहे. पण पहिले दोन दिवस रायफल गाडीतच राहील. आपण फिरू, पायवाटा नकाशावर काढू, कुठे गोळीमागे माती आहे आणि कुठे आकाश ते बघू. साधी .२२ ची गोळीही मैलभराच्या पुढे जाते.

— हेरफर्डचे काका

स्किप्टनहून, ११ सप्टेंबर

काकांचं सगळं मान्य, फक्त नवीच्या बाजूने थोडं. मी तीन वर्षांपूर्वी नवी टिक्का टी३एक्स (फिनलंडची रायफल) घेतली. पेच ८ चा, नळीला आटे कारखान्यातूनच, वॉरंटी. मला नळीचा घसा ओळखता येत नव्हता आणि जवळ काकांसारखं कुणी नव्हतं. आपल्याला कळत नसेल तर ती न कळण्याची किंमत म्हणून नवीचे जास्तीचे पैसे मला पटले. आता विकायला काढली तर अर्धेच येतील हेही खरं.

परक्या माणसाकडून जुनी घेणार असाल तर व्यवहार समोरासमोर, तुमच्या सर्टिफिकेटवर नोंद, आणि दोघांनीही ७ दिवसांत पोलिसांना कळवायचं. पहिल्या खेपेला डीलरमार्फतच करा. बिघडलं तर परत जायला दुकान असतं.

— स्किप्टनकर

लडलोहून, २२ फेब्रुवारी

सर्वांना नमस्कार, बरेच दिवसांनी लिहिते आहे, पण हातात काही असल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

डॉक्टर, तुमचं ऐकून गेल्या वर्षीची वही काढली. सातांपैकी तीन पावसाच्या एकाच रात्री, जुळ्यांतली धाकटी, म्हणजे बहुधा थंडीने. चार मात्र तीन-चार दिवसांची, धडधाकट. यंदा कमजोर मेंढ्यांना विण्यासाठी गोठ्यात घेणार आहोत. मावशी, जाळी आणि दार दोन्ही ऑक्टोबरमध्येच बसवलं, त्यानंतर एकही कोंबडी गेली नाही.

सर्टिफिकेट माझ्या नावावर झालं. .२२३ ची एक जागा, आणि सध्या पोलिसांनी तपासलेल्या जमिनीपुरतंच, म्हणजे आमची आणि शेजाऱ्यांची.

डीलरकडे दोन जुन्या होत्या. पहिलीचा दस्ता अक्रोडाचा, इतका देखणा की ह्यांनी खिशात हात घातलाच होता. मॉडरेटर काढायला सांगितला. तोंडाशी तांबूस कडं आणि एका बाजूला नखाएवढा खड्डा. डीलरने स्वतःच ती बाजूला ठेवली. दुसरी टिक्का, प्लास्टिकच्या दस्त्यावर ओरखडे, पण कॅमेऱ्यात घसा स्वच्छ, स्क्रू कुणी छेडलेले नाहीत, पेच ८ चा. आधीच्या मालकाने विकत घेतलेल्या काडतुसांच्या नोंदी त्याच दुकानात होत्या, सहा वर्षांत चारशेच्या आत. तीच घेतली. वाचलेले पैसे दुर्बिणीत घातले. स्किप्टनकर, नवीचा मोह मलाही होता, पण काका दुकानात माझ्या शेजारी उभे होते.

शेजाऱ्यांच्या खाणीच्या जुन्या खड्ड्यात शंभर यार्डांवर झिरो केली, म्हणजे दुर्बिणीतला काटा आणि गोळी एका जागी आणली. पहिल्या दिवशी खांदा आखडून धरत होते, गोळ्या पसरत होत्या. तिसऱ्या दिवशी पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत आल्या, तेव्हा काकांनी मान हलवली.

परवा पहिल्यांदा एकटी बसले. साडेसहाला तो आला, वरच्या कुंपणाजवळ, एकशेतीस यार्ड. काट्यात नीट धरला होता. पण उभा होता तो बरोबर डोंगराच्या धारेवर, मागे नुसतं आकाश आणि त्या बाजूला पलीकडची पायवाट. मिनिटभर तसाच उभा राहिला, मग निघून गेला. मी बोल्ट उघडून काडतूस बाहेर काढलं आणि घरी आले.

काल बसायची जागा बदलली. ओढ्याकडच्या ओकला शिडी लावून दहा फूट वर फळी ठोकली. तिथून कुंपणाचा वरचा कोपरा सोडला तर सगळीकडे गोळीमागे आपलीच माती येते. काका, शनिवारी येऊन ती फळी एकदा बघाल का? विण्याचा हंगाम पाच आठवड्यांवर आला आहे. जेवायलाच या, मटाराची उसळ करते.

— लडलोची सून