मदत हवी आहे: कॉम्प्युटर चालू होत नाही, डिस्क एरर दाखवतोय (सांगली)

यार्डातला_अडत्या
सांगली मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. दुकानातला कॉम्प्युटर काल संध्याकाळपासून चालू होत नाही. काळ्या स्क्रीनवर डिस्क एरर येतो आणि तिथंच अडकतो. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (माल विकल्याचे हिशेब), उचल, व्यापाऱ्यांची येणी, सगळं त्यातच आहे. सीझन भरात आहे, सौदे रोज निघतायत, शेतकरी पट्टीसाठी दुकानात येऊन बसलेत. बंद-चालू करून झालं, वायरी काढून घालून झाल्या. आजच्या आज चालू व्हायला पाहिजे. माहिती असेल त्यांनी लगेच सांगा. फॉरमॅट मारा असं कृपया कुणी सांगू नका, डेटा पाहिजे.

मिरज_हार्डवेअर
दादा, एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येणार नाही. स्क्रीनवर काय लिहून येतंय ते जसंच्या तसं टाका. विंडोज कुठलं? आत हार्डडिस्क आहे की एसएसडी? किती वर्षं जुनी? बंद पडायच्या आधी काय झालं? लाईट गेली होती का?

कुपवाडकर
यात विचारण्यासारखं काही नाही. दुसऱ्या मशीनवर विंडोजचा पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून बूट करा, रिपेअरमध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि चेकडिस्क, म्हणजे डिस्कच्या चुका शोधून दुरुस्त करणारी विंडोजची कमांड, सी ड्राइव्हवर स्लॅश आर लावून सोडून द्या. एमआयडीसीत आमच्या वर्कशॉपचं मशीन असंच बसलं होतं. रात्रभर चाललं आणि सकाळी विंडोज उघडलं. आजतागायत चालू आहे.

यार्डातला_अडत्या
विंडोज १० आहे. लाईट गेली होती, ती रोजच जाते. आधी कंपनीचं नाव येतं, मग इंग्रजीत स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस, एफ१ दाबा असं येतं. एफ१ दाबलं की गोल फिरतं, खाली स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह सी येतं आणि टक्का पुढं सरकत नाही. बॅकअप आहे, डी ड्राइव्हला रोज जातो. फक्त विंडोज चालू करायचं आहे.

मिरज_हार्डवेअर
थांबा. मशीन आत्ताच्या आत्ता बंद करा आणि परत चालू करू नका. तो मेसेज विंडोजचा नाही, विंडोज सुरू व्हायच्या आधीच बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, सांगतंय की डिस्कनं स्वतःच हात वर केलेत. आणि एक विचारतो, डबा उघडला तर आत डिस्क एकच आहे ना? एकच असेल तर सी आणि डी हे तिचेच दोन भाग आहेत. डिस्क गेली की बॅकअपही गेला.

विश्रामबाग_वाचक
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. तुम्ही विंडोज ११ ला जायला हवं. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा. तुमचा कुठला आहे?

मिरज_हार्डवेअर
अहो साहेब, माणसाची डिस्क जायला लागलीय. विंडोज ११ चं नंतर बघू.

यार्डातला_अडत्या
डबा उघडून बघितला, डिस्क एकच आहे. १ टीबी लिहिलंय. चालू असताना मधूनच टिक टिक असा आवाज येत होता, पंख्याचा असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग आता डेटा मिळणार की नाही तेवढं सांगा.

तासगाव_बेदाणा
आमच्याकडं बेदाण्याच्या सीझनला हेच झालं होतं. एकानं सांगितलं म्हणून डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली. सकाळी लावली तर वीस-एक मिनिटं चालली, तेवढ्यात निम्मं काढून घेतलं. करून बघा.

बिट_बाय_बिट
कृपया फ्रीजर नको. बाहेर काढल्यावर आतल्या तबकडीवर दव धरतं. तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते आणि डेटा वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. तिथं पाण्याचा थेंब आला तर उरलेलंही खरवडून निघेल. तुमचं निम्मं निघालं त्याचा आनंद आहे, पण ती डिस्क न गोठवता लावली असती तर कदाचित जास्त निघालं असतं.

आणि कुपवाडकर, चेकडिस्क स्लॅश आर मरणाऱ्या डिस्कवर चालवायचं नसतं. ते एकेक सेक्टर वाचत सगळी डिस्क पिंजून काढतं, वर फाईल सिस्टिम दुरुस्त करायला त्याच डिस्कवर लिहितंही. जीर्ण चोपडीच्या पानावर खोडरबर घासल्यासारखं आहे ते. शेवटी फाऊंड.००० नावाचा फोल्डर मिळतो आणि त्यात नाव-गाव नसलेले तुकडे.

कुपवाडकर
माझं मशीन चालू झालं हे खोटं आहे का मग? नुसती लाईट जाऊन फाईल सिस्टिम बिघडली असेल तर चेकडिस्कच लागतं. प्रत्येक वेळी डिस्क मेली म्हणून नवीन विकायची ही धंद्याची रीत आहे.

बिट_बाय_बिट
नुसती फाईल सिस्टिम बिघडली असेल तर चेकडिस्कच, मान्य. पण मग बायोसनं स्मार्ट बॅड दाखवलं नसतं. भांडण मिटवायचा सोपा मार्ग आहे. अडत्या दादा, दुसऱ्या कॉम्प्युटरला ही डिस्क साटा केबलनं लावा, डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा आणि ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळींचे शेवटच्या रकान्यातले आकडे सांगा. विंडोज मध्येच ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का’ असं विचारेल किंवा दुरुस्त करू का म्हणेल. कॅन्सल. दर वेळी कॅन्सल.

गणपती_पेठ
मला वाटतं केबल. साटा केबल सैल झाली की हेच सगळं होतं. पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे, आधी ते करा. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हा आमच्या दुकानातलं मशीन माळ्यावर टाकलं होतं. पूर ओसरल्यावर चालू होईना. डिस्क मेली म्हणून सगळे सांगत होते, निघाली केबल. पिनांवर गंज धरला होता.

हरिपूर_रोड
तुमचं मशीन वाचलं तरी. आमच्या शेजाऱ्यांच्या दुकानात पाणी छतापर्यंत, टेबल-खुर्च्या तरंगत होत्या. खरं तर पुराच्या पट्ट्यात तळमजल्यावर कॉम्प्युटर ठेवूच नये. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला आलं की आम्ही सगळ्यात आधी डबा वर नेतो.

मिरज_हार्डवेअर
पुराचा वेगळा धागा काढा, त्यावर मीही लिहीन. इथं माणूस अडकलाय.

यार्डातला_अडत्या
पुतण्याच्या मशीनला लावली. पिवळ्या रंगात कॉशन येतंय. ०५ ला १एफ८, सी५ ला १३८, सी६ ला १३८, सी७ ला शून्य, आधीची शून्यं सोडून. फॉरमॅटचं विचारलं नाही. सी दिसत नाही, डी दिसतो पण उघडायला फार वेळ लागतो. आता सांगा.

बिट_बाय_बिट
सी७ शून्य म्हणजे केबल नाही, केबलच्या चुका तिथंच मोजल्या जातात. क्रिस्टलडिस्कइन्फो आकडे सोळाच्या पायाचे दाखवतं, म्हणून १एफ८ म्हणजे ५०४ आणि १३८ म्हणजे ३१२. ५०४ सेक्टर डिस्कनं आधीच बाद करून त्यांच्या जागी राखीव सेक्टर घेतलेत, आणि ३१२ सेक्टर असे आहेत की जे तिला वाचताच येत नाहीत. डिस्क मरतेय, पण पूर्ण मेलेली नाही. डेटा मिळायला चांगली संधी आहे. आता डिस्क काढा आणि टेबलावर सपाट ठेवा. विकत आणायचं ते एवढंच, २ टीबीची नवी डिस्क. कॉपी जिच्यावर घ्यायची ती जुनीपेक्षा लहान चालत नाही.

मिरज_हार्डवेअर
यात माझं मत थोडं वेगळं आहे. अख्खी १ टीबी ओढायच्या आधी पट्टीचा आणि टॅलीचा फोल्डर तेवढा काढून घ्या. सगळं मिळून काही जीबी असेल. अख्खी डिस्क कॉपी करताना हेड मध्येच बसलं तर गाण्यांचे फोल्डर हातात येतील आणि पट्ट्या राहतील.

बिट_बाय_बिट
फाईल-फाईल कॉपी करताना हेड सगळ्या डिस्कभर उड्या मारतं आणि खराब सेक्टर आला की कॉपी तिथंच अडकून पुन्हा पुन्हा वाचत बसते. इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी, घेताना सरळ रेषेत जातं. म्हणून आधी इमेज असंच मी दर वेळी सांगतो.

मिरज_हार्डवेअर
पुस्तकात बरोबर आहे. पण मी गिऱ्हाइकांच्या डिस्का हातानं काढतो आणि लग्नाचे फोटो, हिशेब, जे पाहिजे ते आधी, हाच माझा अनुभव आहे. आवाज येतोय म्हणतायत ते. किती तास मिळतील कुणी सांगावं?

यार्डातला_अडत्या
दोघांनी मिळून एक काय ते ठरवा. शेतकऱ्यांना काय सांगू मी?

जुना_दिवाणजी
शेतकऱ्यांना पट्टी हातानं लिहून द्या. आम्ही कॉम्प्युटर यायच्या आधी हातानंच लिहीत होतो. नाव, गाव, पोती, वजन, दर, त्यातून हमाली, तोलाई आणि उचल वजा, खाली सही. कार्बन घालून दोन प्रती करा म्हणजे नंतर मशीनमध्ये भरता येतील. सौद्याच्या चिठ्ठ्या दुकानात असतीलच. शेतकऱ्याला रोख किंवा चेक मिळाला की तो थांबत नाही, पट्टी छापलेली आहे का हाताची आहे हे तो विचारत नाही.

यार्डातला_अडत्या
काका, हे बरं सांगितलंत. पावती पुस्तक आहे, मुलाला लिहायला बसवतो.

बिट_बाय_बिट
मग असं करा. सिस्टमरेस्क्यू नावाचं फुकट लिनक्स मिळतं, ते रुफस नावाच्या प्रोग्रॅमनं पेनड्राइव्हवर टाका. त्यावरून बूट केलं की विंडोज डिस्कमध्ये ढवळाढवळ करत नाही आणि फोल्डरच्या परवानगीची कटकटही येत नाही. मिरजकरांच्या म्हणण्याप्रमाणे आधी दोन फोल्डर काढा, जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती माउंट करून, म्हणजे जोडून. पट्टीचं सॉफ्टवेअर एसक्यूएल डेटाबेसवर असेल तर त्याच्या एमडीएफ आणि एलडीएफ अशा दोन्ही फाईल घ्या, एक घेऊन उपयोग नाही. फोल्डर निघाले किंवा कुठं अडकलं तर तिथंच सोडा, अनमाउंट करा आणि डीडीरेस्क्यू लावा, ते खराब डिस्कची इमेज नव्या डिस्कवर घेतं. पहिल्या फेरीला मायनस एन, म्हणजे खराब जागा ओलांडून चांगलं ते सगळं आधी उचलतं. दुसऱ्या फेरीला मायनस आर ३, म्हणजे राहिलेल्या खराब जागा पुन्हा तीनदा वाचून बघतं. मॅपफाईल, म्हणजे काय वाचून झालं त्याची नोंद, पेनड्राइव्हवर द्यायला विसरू नका, तिच्यामुळे मध्येच बंद पडलं तरी पुढून सुरू करता येतं. आणि एंटर मारायच्या आधी डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके कमांड लावून जुनी कुठली, नवी कुठली ते साइजवरून दोनदा बघा. उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाईल.

तासगाव_बेदाणा
लिनक्स वगैरे दुकानदाराला झेपणार आहे का? पुण्याला रिकव्हरीवाले आहेत, त्यांच्याकडं धूळ नसलेली खोली असते. कुरिअर करा.

मिरज_हार्डवेअर
डिस्क दिसतच नसेल किंवा हेडच बसलं असेल तर पुणे. ही अजून वाचतेय. आधी हे, नाही जमलं तर पुणे. पण कुणी डिस्कचं झाकण उघडू नका म्हणजे झालं.

यार्डातला_अडत्या
पुतण्या कॉलेजात कॉम्प्युटरलाच आहे, त्यानं केलं. टॅलीचा फोल्डर आला. पट्टीची एमडीएफ अर्ध्याच्या पुढं गेली आणि इनपुट आउटपुट एरर देऊन थांबली. आता डीडीरेस्क्यू लावलंय. आधी भराभर गेलं, आता एकदम हळू झालंय. बंद करू का?

बिट_बाय_बिट
अजिबात नाही. वाचलेला टक्का वाढतोय ना? तेवढंच बघा. डिस्कवर छोटा टेबल फॅन सोडा, गरम होऊ देऊ नका. आणि ते मशीन यूपीएसवर आहे ना?

हरिपूर_रोड
यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, दिवा लागतो म्हणून चालतेय असं समजू नका. भिंतीतला प्लग काढून बघा, मशीन तग धरतं का ते.

मिरज_हार्डवेअर
आत्ता काढून बघू नका! कॉपी चालू आहे.

यार्डातला_अडत्या
झालं. ९९.९९ टक्के दाखवतंय. दुसऱ्या फेरीत अजून थोडं आलं. आता पुढं?

बिट_बाय_बिट
उत्तम. जुनी डिस्क काढून बाजूला. आता नव्या डिस्कवर चेकडिस्क चालवा, फक्त स्लॅश एफ, म्हणजे नुसती फाईल सिस्टिम दुरुस्त होते. ही डिस्क धडधाकट आहे आणि काही बिघडलं तर इमेज पुन्हा घेता येईल. कुपवाडकरांचा उपाय इथं बरोबर लागू पडतो.

कुपवाडकर
तेच म्हणत होतो मी. शेवटी चेकडिस्कच लागलं.

मिरज_हार्डवेअर
कॉपी घेतल्यावर. हे मधलं वाक्य गाळू नका, पुढं कुणी हा धागा वाचून नुसतं तेवढंच करेल.

जुना_दिवाणजी
पट्टीचं सॉफ्टवेअर काही कंपन्या डिस्कच्या नंबराला बांधून ठेवतात. नव्या डिस्कवर उघडलं नाही तर घाबरू नका, कंपनीला फोन करून लायसन बदलून घ्या.

यार्डातला_अडत्या
तसंच झालं, नंबर बदलून घेतला. त्यांच्याच माणसानं फाईल जोडून तपासली. गेल्या आठवड्यातल्या काही पट्ट्या आणि एका व्यापाऱ्याचं खातं सोडलं तर सगळं आहे. कार्बन प्रती आणि सौद्याच्या चिठ्ठ्यांवरून मुलगा भरतोय. ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१, म्हणजे जीएसटीचं विक्रीचं रिटर्न, जाईल. मिरजकर, बिट बाय बिट, दिवाणजी काका, तुमचे उपकार आहेत. सीझन संपल्यावर यार्डात या, राजापुरी हळद घेऊन जा. आता जुनी डिस्क भंगारात देऊ का?

मिरज_हार्डवेअर
नको. त्यात शेतकऱ्यांचे बँक खाते नंबर आहेत. ऑडिट होईपर्यंत कपाटात ठेवा, त्यानंतर ड्रिलनं आरपार भोकं पाडून मग द्या. आणि बॅकअप आता दोन ठिकाणी. एक बाहेरची डिस्क, जी कॉपी झाली की काढून घरी न्यायची, आणि दुसरा क्लाउडवर. डी ड्राइव्ह धरायचा नाही.

विश्रामबाग_वाचक
प्रोसेसर कुठला आहे ते राहिलंच. विंडोज ११ टाकायचं असेल तर आत्ताच टाका, मशीन उघडलेलंच आहे.

यार्डातला_अडत्या
सातव्या पिढीचा आहे म्हणतोय पुतण्या.

विश्रामबाग_वाचक
मग नाही बसणार. सीझन झाल्यावर मशीनच बदला. या डिस्कवर टॅली आणि पट्टी तोवर चालेल, पण त्यावर मेल आणि अनोळखी पेनड्राइव्ह नको.