पीडीएफ जोडला म्हणजे नोंद झाली का?

(दवाखान्यातल्या नोंदींवर तिघांची चर्चा; प्रत्येकाची ओळख त्याच्या भागाच्या नावाने.)

नंदलालपुरा: इंदूरमध्ये बरेच दवाखाने केसपेपर स्कॅन करून तो पीडीएफ रुग्णाच्या १४ आकडी आभा क्रमांकाला (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक) जोडतात आणि मोकळे होतात. हा कागदाचा फोटो झाला, नोंद नव्हे. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला घटक) सहा महिन्यांत ०.९ वरून १.६ वर गेलं, तरी फोटोतला आकडा यंत्राला कळत नाही, मग धोक्याची सूचना येणार कुठून? आजाराचं निदान स्नोमेडच्या आणि तपासणी लॉइंकच्या कोडनेच नोंदवणं सक्तीचं करा; या दोन्ही वैद्यकीय कोडच्या आंतरराष्ट्रीय याद्या आहेत.

रामबाग: सक्तीला माझा विरोध. ओपीडीत एका रुग्णाला चार मिनिटंही मिळत नाहीत. लांबलचक यादी उघडली की पहिल्या पर्यायावर बोट पडतं. "दोन दिवस पोटात दुखतंय, जेवल्यावर वाढतं" हे वाक्य खरं असतं. घाईत टिचकी मारलेलं "गॅस्ट्रायटिस" खोटं असू शकतं, आणि पुढचा डॉक्टर त्यावरच विसंबतो. संशोधनासाठी माहिती गोळा करताना असे कोड खऱ्यांत मिसळले की निवडून काढता येत नाहीत.

नंदलालपुरा: निदानापुरतं पटलं. पण अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे डॉक्टर क्लेमेंट मॅक्डोनाल्ड यांचा १९७६ चा अभ्यास बघा. संगणकाने आठवण दिली तेव्हा डॉक्टरांनी ५१ टक्के वेळा पाऊल उचललं, नाही दिली तेव्हा २२ टक्के. डॉक्टर तेच! नोंद यंत्राला वाचता आली म्हणूनच आठवण देता आली.

लोकमान्यनगर: मग लॅबपासून सुरुवात करा, तिथे डॉक्टरचा वेळ जात नाही. तपासण्यांची यादी कोडशी एकदाच जुळवायची. रक्तातली उपाशीपोटीची साखर म्हणजे लॉइंक कोड १५५८-६, वेळ न नोंदवलेली २३४५-७. सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींना नुसतं "शुगर" म्हटलं असेल, तर आधी ते वेगळं करा. ग्लुकोमीटरचं रीडिंग यात मिसळू नका. आकड्यासोबत एकक गेलंच पाहिजे: क्रिएटिनिन १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे १०६ मायक्रोमोल प्रति लिटर. एकक गळलं की चांगली किडनी आलेखात निकामी दिसते.

रामबाग: लॅबचं मान्य. पण तो आकडा कुणाच्या खात्यात पडतोय? आधारवर "सुनीता देशपांडे", केसपेपरवर "सुनीता अनिल देशपांडे", जुन्या फाइलवर माहेरचं आडनाव. जन्मतारीख आठवत नाही म्हणून १ जानेवारी. मोबाइल मुलाचा, त्यावर घरातले चौघं. नाव आणि मोबाइल जुळला म्हणून सॉफ्टवेअरने सासूची फाइल सुनेच्या फाइलीत मिसळली, तर पेनिसिलिनची अॅलर्जी भलत्याच बाईच्या नावावर चढते आणि जिला खरी आहे तिची कोरी राहते. हे जुळवणं माणसाने, कागद समोर धरून करावं. तोवर कोडची सक्ती नको.