दुर्मिळ खडा, पण गिऱ्हाईक?
एकाच ठिकाणी मिळणाऱ्या दुर्मिळ खड्याचा दागिना पुढे विकताना चांगला भाव देतो का, असा इथला प्रश्न. त्यावर 'खाण बंद पडली की भाव चढणारच' असं कुणी म्हटलंय, ते मला अर्धंच पटलं. खडा दुर्मिळ असून भागत नाही, तो ओळखून मागणारंही कुणी लागतं. बेनिटोइट हा निळा खडा घ्या. दागिन्यात बसवण्याजोगा तो जवळपास फक्त कॅलिफोर्नियातल्या सॅन बेनिटो भागात मिळाला आणि तिथलं व्यावसायिक खाणकामही थांबलंय. भाव आहे, पण संग्राहकांत. साध्या सराफाने नावच ऐकलेलं नसेल तर तो देणार काय? उलट अमेथिस्ट हा जांभळा खडा एकेकाळी माणिक-पाचूच्या पंगतीला बसायचा. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलमध्ये मोठे साठे निघाले आणि त्याचा तोरा उतरला. म्हणून 'फक्त इथेच मिळतो' हे मी 'आजवर इथेच मिळाला' असं वाचतो.

शिवाय सगळे सुट्या खड्याबद्दल बोलताहेत, प्रश्न दागिन्याचा आहे. टांझानाइटची, म्हणजे टांझानियात मिळणाऱ्या निळ्या-जांभळ्या खड्याची, एक अंगठी आम्ही मोडायला नेली होती. सराफाने भिंगातून पाहिलं, नख्या उचकटून खडा काढला, सोनं तेवढं तोललं आणि खडा कागदाच्या पुडीत बांधून परत दिला. पैलूंच्या कडा बोथट झाल्या होत्या. टांझानाइटचा कठीणपणा मोह्ज प्रमाणावर (खनिजांचा कठीणपणा १ ते १० मध्ये सांगणारं माप) साधारण ६ ते ७, आणि साध्या धुळीतल्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) कणांचा ७! रोज घातलेली अंगठी पुसतानासुद्धा झिजते. घडणावळ तर त्या दिवशी कुणी मोजलीच नाही. असा खडा घ्यायचाच तर कानात किंवा पदकात घ्या, आणि प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र जपून ठेवा.