सिकलसेल वाहक मुलीला शाळा प्रवेश नाकारते, दाद कुठे मागायची?

पालक, डहाणू:
पाचवीच्या प्रवेशाला शाळेने सिकलसेलचा (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) रिपोर्ट मागितला. त्यात एएस आलंय. आता म्हणतात, दिव्यांग प्रमाणपत्र आणा, नाहीतर दुसरी शाळा बघा. शाळा खाजगी, विनाअनुदानित. कोणता कायदा लागतो?

लॅबवाली, पालघर:
रिपोर्ट कोणत्या चाचणीचा आहे? नुसत्या सोल्युबिलिटीत, म्हणजे प्राथमिक चाचणीत, वाहक आणि रुग्ण दोघंही पॉझिटिव्ह दिसतात. एएस (वाहक) की एसएस (रुग्ण) ते एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या पक्क्या चाचण्यांवर ठरतं. खरंच एएस असेल तर ती फक्त वाहक आहे, आजारी नाही. दुसऱ्या कुणाला तिच्यापासून लागण होणं शक्यच नाही. खेळू द्या, उन्हात पळताना पाणी भरपूर. दिव्यांग प्रमाणपत्र वाहकाला मिळत नाही, त्यासाठी सिव्हिलच्या खेपा घालू नका.

वकील, अलिबाग:
ताई, जनुकीय भेदभावावर आपल्याकडे वेगळा कायदा नाही. मूल 6 ते 14 वयातलं, म्हणून शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 13 धरा: प्रवेशाच्या वेळी मुलाची वा पालकांची छाननी करायची नाही. पहिल्यांदा 25 हजारांपर्यंत दंड, पुढे दरवेळी 50 हजारांपर्यंत. रिपोर्ट मागून नकार देणं याच छाननीत बसतं, असं मांडा. शाळा अल्पसंख्याक संस्थेची नाही ना, ते आधी बघा. त्यांना हा कायदा लागत नाही.

बहुतेक तक्रारी पडतात त्या सगळं तोंडी असतं म्हणून. अर्ज लेखी द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. नकाराचं कारणही लेखीच मागा. मग कलम 32 खाली तक्रार, गावात जिल्हा परिषदेकडे, शहरात नगरपरिषदेकडे. 3 महिन्यांत निकाल अपेक्षित, त्यावर अपील राज्य बाल हक्क आयोगाकडे.

विशेष शिक्षक, रत्नागिरी:
एसएस, थॅलेसेमिया किंवा हिमोफिलिया असलेल्या मुलांचा मार्ग वेगळा. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या यादीत तिन्ही आहेत. कलम 16 नुसार मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचाच आणि गरजेप्रमाणे सोयीही. तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. सोयी नेमक्या लिहून मागा: वर्गात पाण्याची बाटली, लघवीला कधीही परवानगी, पावसात भिजून आलं तर कोरडे कपडे बदलायला जागा. एसएसच्या मुलाला गारठ्याने वेदना सुरू होऊ शकतात, म्हणून हे शेवटचं आपल्या पावसाळ्यात सोडू नका.

लॅबवाली, पालघर:
आणि रिपोर्टची मूळ प्रत शाळेत ठेवू नका.