ट्रान्स खेळाडूचं पात्रही ट्रान्सच असावं का?

शापित_कमरपट्टा:
मी ट्रान्स बाई. आरपीजी (एखादं पात्र होऊन खेळायचा खेळ) कुठलाही असो, माझं पात्र साधी बाई असते, ट्रान्स नव्हे. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये (२०२३) शरीर, आवाज, जननेंद्रिय आणि ओळख, चारही वेगवेगळं निवडता येतं. मी सगळं बायकी ठेवते नि पुढे जाते. त्यावर आपल्याच गोटातले म्हणतात, ही लपवाछपवी झाली. अहो, बँकेत, दवाखान्यात, घरमालकासमोर दिवसभर ट्रान्सच असते की मी! संध्याकाळी दोन तास चेटकीण होते, तिथे तरी केवायसी नको.

रात्रपाळी:
असहमत. मी ट्रान्स पुरुष. 'ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड'मध्ये (२०२४) पात्राच्या छातीवर शस्त्रक्रियेचे व्रण देता येतात. त्यातले काही संवाद समुपदेशन शिबिरातले वाटतात, ते सोडा. पण माझ्यासारखी छाती असलेला कुणी ड्रॅगनला भिडतोय, हे मला बघायचं होतं. सगळ्यांनीच 'साधं' निवडलं तर पुढच्या खेळात हे पर्याय कंपन्या कशाला ठेवतील?

शापित_कमरपट्टा:
म्हणजे मी कंपनीच्या आकडेवारीसाठी खेळू?

बापू_भाले:
मी ट्रान्स नाही, तरी कायम बाईचंच पात्र घेतो. तासन्‌तास पाठमोरं बघायचंय, तर बरं काहीतरी दिसू दे! एवढा काथ्याकूट कशाला?

रात्रपाळी:
बापू, तुम्हाला खेळ बंद केल्यावर काही निस्तरावं लागत नाही. 'सायबरपंक २०७७'मध्ये (२०२०) शरीर हवं तसं घडवा, पण तुम्हाला 'तो' म्हणायचं की 'ती', हे आवाजावरून ठरतं. फोनवर रोज 'हां बोला मॅडम' ऐकणाऱ्याला ते तिथेही नको असतं.

फासेवाली:
मी मराठीतून डी अँड डी ('डंजन्स अँड ड्रॅगन्स', टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा आरपीजी) चालवते. संगणकावर मेनू तरी असतो, टेबलावर तोंड उघडावं लागतं. आमच्यातल्या एकाने चोराचं पात्र घेतलं नि पहिल्याच डावात म्हणाला, "मी भिंतीला चिकटून पुढे सरकते." मी म्हटलं, "टाक फासा." बाकीचे नकाशात गुंतले होते. पुढे कित्येक महिन्यांनी तिने आम्हाला खरं काय ते सांगितलं. तेव्हा तिच्या चोरणीला कुणी 'तू ट्रान्स का नाहीस' म्हणून हटकलं असतं, तर ती परत आलीच नसती.

(जाता जाता: १९७९च्या डीएम गाइडमध्ये, म्हणजे डी अँड डी चालवणाऱ्याच्या पुस्तकात, लिंग बदलणारा कमरपट्टा होता, शापित वस्तूंत मोडणारा! कमरपट्टाताईंचं नाव तिथलंच ना?)

शापित_कमरपट्टा:
तिथलंच. शाप म्हणे! मी रांगेत पहिली उभी राहिले असते.

रात्रपाळी:
फासेवाली, तिचं मान्य. अजून कुणाला सांगितलं नसेल तर पात्र हाच आडोसा. पण कमरपट्टा तर उघडपणे जगते. तिने एखादं ट्रान्स पात्र केलं, तर नव्याने आलेल्या पोरांना धीर येईल.

शापित_कमरपट्टा:
पोरांसाठी मी इथे लिहितेय की. पुढच्या मोहिमेत मात्र बुटकी (ड्वार्फ जमातीची) योद्धी करणार आहे, भरघोस दाढीवाली. तिच्या जमातीत सगळ्याच बायकांना असते.